अंधाराचा वेग सांगताना या चुका टाळा

प्रकाशाचा वेग किती, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: निर्वात पोकळीत सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावरून केली जात असल्यामुळे तो आता मोजायचाही उरलेला नाही. अंधाराचा वेग किती, असे कोणी विचारले की मात्र तीन वेगवेगळी उत्तरे हमखास ऐकू येतात. काहीजण म्हणतात, प्रकाशाइतकाच. काहीजण म्हणतात, अंधार म्हणजे काहीच नाही, मग वेग कसला. आणि थोडे धाडसी लोक म्हणतात, प्रकाशापेक्षाही जास्त. गंमत अशी की या तिन्ही उत्तरांत काही ना काही तथ्य आहे, तरीही ती देणारे बहुतेक वेळा विचारलेल्या गोष्टीचा नव्हे, तर भलत्याच गोष्टीचा वेग सांगत असतात.

‘अंधार’ या एका शब्दात आपण निदान तीन गोष्टी कोंबतो: प्रकाश नसण्याची स्थिती, येत असलेला प्रकाश जिथे संपतो ते त्याचे शेवटचे टोक, आणि एखाद्या पृष्ठभागावर पडलेल्या सावलीची कड. यांपैकी पहिलीला वेग नाही, दुसऱ्याचा वेग प्रकाशाइतका आहे, आणि तिसरीचा शून्यापासून हवा तितका असू शकतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या तिघांच्या अदलाबदलीतून होतात.

अंधार ही वस्तू आहे असे धरून चालणे

मराठीत अंधार पडतो, दाटतो, पसरतो, कोपऱ्यात दबा धरून बसतो. दिवा घेऊन चालणाऱ्याच्या पाठोपाठ अंधारही चालत येतो, असे डोळ्यांना खरोखरच दिसते. नेमक्या याच अनुभवावरून भारतीय दर्शनांत मोठा वाद झालेला आहे. भाट्ट मीमांसकांचे म्हणणे असे की अंधाराला काळा रंग आहे आणि तो हलताना दिसतो. ज्याच्या ठायी गुण आणि क्रिया आहेत ते द्रव्यच असले पाहिजे, म्हणून अंधार हे स्वतंत्र द्रव्य मानावे. न्याय-वैशेषिकांनी ते नाकारले. त्यांच्या मते अंधार म्हणजे तेजाचा अभाव, आणि ‘काळा अंधार चालतो’ ही प्रतीती हा निव्वळ भ्रम आहे. आजच्या भौतिकशास्त्राचा कौल नैयायिकांच्या बाजूने आहे, कारण प्रकाशाचे फोटॉन असतात तसे अंधाराचे कोणतेही कण नसतात.

पण इथेच पुष्कळ जण उलट दिशेने घसरतात. अभाव आहे म्हणून त्याला वेग असूच शकत नाही, हा निष्कर्ष घाईचा आहे. अर्धवाहकांमध्ये इलेक्ट्रॉन नसलेल्या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेत आला की त्याची मूळची जागा रिकामी होते, आणि असे होत होत ती पोकळी स्फटिकातून प्रवास करते. सिलिकॉनमध्ये होलची गतिशीलता इलेक्ट्रॉनच्या साधारण एक-तृतीयांश असते, आणि ट्रान्झिस्टरची रचना करणाऱ्याला हा फरक हिशेबात धरावाच लागतो. म्हणजे अभावालाही वेग देता येतो. अट एवढीच की त्या अभावाला कड हवी, आणि ती कड एका क्षणी कुठे होती व पुढच्या क्षणी कुठे आहे, हे दाखवता आले पाहिजे.

‘प्रकाश कुठेही पोहोचला तरी अंधार तिथे आधीच हजर असतो, म्हणून अंधारच जास्त वेगवान’ हा अनेकांचा लाडका युक्तिवाद याच अटीपाशी कोसळतो. तिथे आधीपासून असलेला अंधार कुठूनही निघालेला नसतो, आणि जो निघालाच नाही त्याच्या नावावर शर्यत लावता येत नाही.

दिवा मालवून वेळ मोजणे

बटण दाबल्यावर खोली किती वेळात अंधारते यावरून वेग काढण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु त्यातून मिळणारा आकडा दिव्याचा आणि डोळ्याचा असतो, अंधाराचा नव्हे. जुन्या दिव्याची तापलेली तार निवायला सेकंदाचा काही भाग लागतो, आणि एलईडीच्या आत साठलेला विद्युत्भार संपेपर्यंत काही दिवे क्षणभर मंद तेवत राहतात. दिवा खरोखर एका क्षणात विझला असे मानले, तरी शेवटचा प्रकाश भिंतींवर आपटत राहतो. समजा भिंतींमधले सरासरी अंतर ३ मीटर आहे आणि प्रत्येक टक्करीत ८० टक्के प्रकाश परत फिरतो. तर एका टप्प्याला १० नॅनोसेकंद लागतात आणि साठेक टक्करींनंतर प्रकाश मूळच्या दहा लाखांश इतका उरतो. हा सगळा खेळ एका मायक्रोसेकंदाच्या आत आटोपतो, म्हणजे कोणत्याही हातघड्याळाच्या आवाक्याबाहेर. त्यानंतर ‘अंधार हळूहळू विरळ होत गेला’ असे जे वाटते ते दृष्टिपटलाचे काम आहे: अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात.

सूर्य विझल्याचा हिशेब आठ मिनिटांवर सोडून देणे

सूर्य अचानक नाहीसा झाला तर आपल्याला ते ८ मिनिटे १९ सेकंदांनी कळेल, इतके बहुतेकांना ठाऊक असते. हे उत्तर बरोबर आहे, पण ते पाठ असल्यामुळे त्यामागचा अर्थ निसटतो. सूर्याकडून कोणी अंधार पाठवत नाही. शेवटचा किरण निघून गेलेला असतो आणि त्याच्या मागे काही नसते. त्या किरणाचे शेवटचे टोक ज्या वेगाने सरकते, त्याच वेगाने त्यामागची पोकळीही सरकते, कारण ती दोन नव्हेतच.

हे नीट पचायचे असेल तर हिशेब पुढे नेऊन पाहावा. पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला काळोख झाल्यावर रात्रीच्या बाजूला पौर्णिमेचा चंद्र आणखी सुमारे अडीच सेकंद झळकत राहील, कारण शेवटच्या प्रकाशाला चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंद आणि परत यायला तितकाच वेळ लागतो. गुरू त्या वेळी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असेल, तर तो जवळजवळ ७० मिनिटे आकाशात तेजस्वी दिसत राहील. ज्यांचे उत्तर ‘आठ मिनिटांनी सगळीकडे एकदम अंधार’ असे येते, त्यांनी अंधाराला प्रकाशाचे टोक न मानता सर्वत्र एकदम पडणारा पडदा मानलेले असते.

प्रकाशाला मर्यादित वेग आहे याचा पहिला भक्कम पुरावाही मुळात अंधाराच्याच वेळा टिपून मिळाला, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. गुरूचा उपग्रह आयो साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत बुडतो. पृथ्वी गुरूच्या जवळ जात असते त्या महिन्यांत आपल्याला आयो सावलीत शिरताना दिसतो, आणि दूर जात असते तेव्हा सावलीतून बाहेर पडताना. ओले रोमर याने १६७६ साली दाखवून दिले की पहिल्या काळात या घटना हिशेबापेक्षा लवकर आणि दुसऱ्या काळात उशिरा होत जातात, आणि याचे कारण प्रकाशाला लागणारा प्रवासाचा वेळ हे आहे. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला सुमारे २२ मिनिटे लागतात असा त्याचा अंदाज होता; खरा आकडा १६ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास आहे. इथे महत्त्वाचे हे की आयो दिसेनासा होणे ही अंधाराची बातमी आहे आणि तो पुन्हा दिसणे ही प्रकाशाची, आणि दोन्ही बातम्यांना एकच दुरुस्ती लागू पडते. अंधाराचा वेग वेगळा असता तर दोन्हींसाठी दोन वेगळे हिशेब ठेवावे लागले असते.

सावलीने प्रकाशाला हरवले म्हणून सापेक्षता खोटी ठरवणे

उत्तर प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त आले, तर गणित चुकले असे लगेच समजू नये. बहुधा तुम्ही सावलीच्या कडेचा वेग काढला आहे. एक कल्पना करावी. एक अतिशय प्रखर, बिंदूएवढा दिवा चंद्राचे संपूर्ण बिंब उजळतो आहे, आणि त्या दिव्यापासून एक मीटरवर आपण पुठ्ठ्याची कड आडवी सरकवतो आहोत. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुठ्ठ्यापेक्षा ३८ कोटी पट दूर, आणि सावलीची हालचालही तितक्याच पटींनी मोठी होते. पुठ्ठा सेकंदाला ७८ सेंटिमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगाने सरकला, तरी चंद्रावरची काळोखाची कड प्रकाशाच्या वेगाने धावू लागते. हात जरा झटकला की ती प्रकाशाला मागे टाकते.

प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही, असे सापेक्षतेचा सिद्धांत सांगतो असे मानले जाते, पण यात त्याचा कोणताही नियम मोडलेला नाही. चंद्रावरच्या एका दरीत झालेला अंधार आणि शेजारच्या डोंगरावर झालेला अंधार यांच्यामध्ये काहीही धावत गेलेले नसते. दोन्ही ठिकाणी प्रकाश येणे आपापल्या वेळी थांबले, आणि दोन्हींचे कारण पुठ्ठ्यापाशी घडले. हात हलवल्यापासून चंद्रावर परिणाम दिसेपर्यंत १.२८ सेकंद लागतातच, हात कितीही चपळ असला तरी. पडताळणीसाठी एकच प्रश्न पुरतो: दरीत बसलेला माणूस या सावलीच्या आधारे डोंगरावरच्या माणसाला काही कळवू शकतो का? तो सावली थांबवू शकत नाही, वळवू शकत नाही, तिच्यावर खूण करू शकत नाही. ज्याच्यावर संदेश लादता येत नाही त्याच्या वेगावर सापेक्षतेच्या सिद्धांताचे बंधन नाही.

सावलीचा वेग आणि तिच्याखालच्या वस्तूचा वेग यांची गल्लत खगोलातही होऊ शकते. टीडब्ल्यू हायड्री या तरुण ताऱ्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या तबकडीवर हबल दुर्बिणीला एक काळसर भाग फिरताना दिसला, आणि त्याची फेरी सुमारे १६ वर्षांत पूर्ण होत होती. तबकडीचा बाहेरचा भाग इतक्या लवकर फिरूच शकत नाही. खगोलशास्त्रज्ञांनी त्यावरून काढलेला अर्थ असा की फिरते आहे ती ताऱ्याच्या अगदी जवळच्या कशाची तरी सावली.

कड कोणती ते न ठरवताच आकडा सांगणे

सावलीला धारदार रेघेसारखी कड असते, हा समज बहुतेक हिशेबांत न बोलता शिरतो. प्रकाश अडथळ्याच्या कडेशी किंचित वळतो, आणि वर सांगितलेल्या पुठ्ठ्याची सावली चंद्रावर पोहोचेपर्यंत केवळ या विवर्तनामुळे तिची कड दोन-तीनशे किलोमीटर रुंद झालेली असेल. १८१८ साली फ्रेनेलच्या तरंगसिद्धांतावर, म्हणजे प्रकाश लाटांसारखा पसरतो या म्हणण्यावर, आक्षेप घेताना प्वासाँने म्हटले, हे खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि ते तर हास्यास्पद आहे. आरागोने प्रयोग केला आणि ठिपका दिसला.

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची गडद छाया जमिनीवरून किती वेगाने जाते, याला एकच उत्तर नाही. अवकाशात ती सेकंदाला सुमारे एक किलोमीटर सरकते, पण पृथ्वीही त्याच दिशेने फिरत असल्यामुळे विषुववृत्ताजवळ, दुपारच्या सुमारास, जमिनीच्या तुलनेत हा वेग तासाला १,७०० किलोमीटरच्या घरात उतरतो. ३० जून १९७३ रोजी कॉन्कॉर्ड विमानाने आफ्रिकेवरून या छायेसोबत उडत ७४ मिनिटे खग्रास स्थिती अनुभवली, जी जमिनीवर उभ्या असलेल्यांना जेमतेम सात मिनिटे मिळाली. त्याच मार्गाच्या दोन्ही टोकांना, जिथे छाया अगदी तिरपी पडते, तिचा वेग कित्येक पटींनी वाढतो.

दिवस आणि रात्र यांच्यातली सीमा विषुववृत्तावर तासाला सुमारे १,६७० किलोमीटरने सरकते. चंद्रावर हीच सीमा तासाला १५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सायकलस्वार तिला सहज मागे टाकेल. पृथ्वीवर मात्र ही सीमा रेघ नसून पट्टा आहे: सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच आकाश पूर्ण काळे होते, आणि त्यामुळे सूर्यास्ताची रेषा व खऱ्या रात्रीची रेषा यांत सुमारे २,००० किलोमीटरचे अंतर असते. विषुववृत्तावर, विषुवदिनी, एका जागी उभ्या असलेल्या माणसावरून हा पट्टा जायला ७२ मिनिटे लागतात. ‘अंधार पडला’ हे कोणत्या मिनिटाला म्हणायचे, ते आधी लिहून ठेवावे.

माध्यम विसरणे

अंधाराचा वेग प्रकाशाइतका, असे म्हटल्यावर निर्वातातला आकडा लिहून मोकळे होण्याची सवय सोडावी. पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे २,२५,००० किलोमीटर जातो आणि काचेत साधारण २,००,०००, त्यामुळे काचतंतूच्या एका टोकाला दिवा बंद केल्यावर दुसऱ्या टोकाला काळोख त्याच मंद चालीने पोहोचतो. १९९९ साली लेन हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिथंड सोडियम अणूंच्या, मिलिमीटरपेक्षाही लहान ढगातून प्रकाशाचा स्पंद सेकंदाला १७ मीटर इतक्या संथ गतीने नेला. त्या ढगात स्पंदाचे पुढचे टोक जितके सावकाश चालले होते, तितकाच सावकाश त्याच्या शेपटामागचा अंधारही येत होता, तासाला साठेक किलोमीटरने.