व्यायामाचं रूटीन मोडतं कुठे? फोकस आणि हिशोब ठेवताना या चुका टाळा

माझ्याकडे व्यायामाच्या तीन अर्धवट वह्या पडल्यात. पहिलीत नऊ पानं भरलीयेत, म्हणजे नव्याचे नऊ दिवस अगदी शब्दशः, दुसरीत सतरा, आणि तिसरीत तर पहिल्या पानावर रंगीत पेनांनी आखलेलं झकास टाइमटेबल आहे आणि पुढे कोरं. चौथी वही मात्र चालू आहे, दोन वर्षं होतील आता, आणि दिसायला ती सगळ्यात गचाळ आहे. फरक एवढाच की पहिल्या तिन्हीत मी फक्त केलेला व्यायाम लिहायचो आणि चौथीत न केलेलाही लिहितो. त्या खाड्यांच्या नोंदींमधून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच व्हिडिओतून कळलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

"उद्यापासून रोज" एवढंच ठरवणं

हे ठरवणं नाहीच मुळी, ही नुसती इच्छा झाली. कधी, कुठे, कशानंतर आणि नेमकं काय, हे आधी पक्कं नसेल तर रोज नव्याने स्वतःशी वाद घालावा लागतो, आणि थकलेल्या माणसाच्या त्या वादात कोण जिंकतं हे मी सांगायला नको. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलंय, त्याचं सार असं की 'अमुक झालं की मी तमुक करणार' अशी गाठ आधीच मारून ठेवली तर ती गोष्ट हातून होण्याची शक्यता चांगलीच वाढते. म्हणजे "सकाळी व्यायाम" असं नाही लिहायचं, "ब्रश झाला की शूज घालणार आणि खिडकीजवळ मॅट टाकणार" असं लिहायचं. आणि त्याच्याच खाली दुसरी ओळ, जी बहुतेक लोक लिहीत नाहीत: "घरी यायला साडेआठ वाजले तर फक्त स्क्वॉट आणि पुश-अपचे दोन-दोन सेट." (सेट म्हणजे न थांबता एका दमात जेवढे काढतो तेवढे.) ही दुसरी ओळ नसली की उशीर झालेल्या दिवशी चाळीस मिनिटं किंवा शून्य एवढेच दोन पर्याय उरतात, मग शून्यच होतं.

खाड्याचं कारण "वेळ नव्हता" असं लिहिणं

चौथ्या वहीच्या सुरुवातीला माझे सलग सहा खाडे होते आणि सहाही वेळा कारण तेच, वेळ नव्हता. मग मी तो शब्द स्वतःला बंद केला आणि ठरवलं की जे घडलं तेच लिहायचं, सिनेमाचा सीन लिहितात तसं. सातव्या खाड्याची नोंद अशी आहे: "सव्वासातला घरी. बॅग खुर्चीवर. फक्त पाच मिनिटं म्हणून सोफ्यावर. फोन उघडला. उठलो तेव्हा पावणेनऊ."

आता हे वाचल्यावर वेळ नव्हता असं म्हणायची सोय राहिली का? दीड तास होता की. घोडं वेळेपाशी अडतच नव्हतं, सोफ्यापाशी अडत होतं. मग उपाय पण सोफ्याचाच केला, ऑफिसमधून निघतानाच कपडे बदलायचे, घरात शिरल्यावर बसायचंच नाही, बॅग ठेवली की थेट मॅट. इतका बावळट वाटणारा उपाय पण खाडे निम्म्यावर आले. तुमचं अडणं दुसरीकडे असेल, कुणाचं रात्री उशिरापर्यंत जागण्यात असतं, कुणाचे धुतलेले कपडेच सापडत नाहीत, कुणाला जिममध्ये लोक बघतात असं वाटतं, पण कारण खरं लिहिल्याशिवाय ते हाती लागत नाही एवढं नक्की.

एक दिवस बुडाला की सगळंच सोडणं

मोडलंच आहे तर जाऊ दे, आता सोमवारपासून बघू. हे आपल्या सगळ्यांचं अगदी आवडतं वाक्य आहे आणि याच्यावर संशोधकांनी पण काम केलंय, जॅनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी डाएट करणाऱ्यांमध्ये हे बघितलं की एकदा मर्यादा ओलांडली असं वाटलं की माणूस हात आखडता घ्यायच्या ऐवजी उलट सैल सोडतो. व्यायामात तेच. मंगळवारचा एक खाडा खरं तर काहीच बिघडवत नाही, बुधवार ते रविवार बिघडवतात.

यात त्या २१ दिवसांच्या गोष्टीने भर घातलीये. २१ दिवसांत सवय लागते हे इतकं ऐकलंय आपण की बाविसाव्या दिवशी पण अंथरुणातून उठवत नसेल तर वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. मुळात हा आकडा १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने आपल्या पेशंट्सवरून लिहिला होता, ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण एवढे दिवस लागतात अशा अर्थाने, त्याचा व्यायामाशी काही संबंध नव्हता. २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना १२ आठवडे बघितलं, तर सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा आला ६६, आणि फरक केवढा, कुणाला १८ दिवस तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ पर्यंत. त्यातच हेही दिसलं की अधूनमधून एखादी संधी हुकली तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम होत नाही. मी हे कळल्यावर एकच नियम ठेवला, खाडा चालेल पण सलग दोन नाही. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं का होईना, पण करायचं.

जाब विचारायला चुकीची व्यक्ती निवडणं

इथे जरा थांबतो कारण लोक म्हणतात पार्टनर शोधा, अकाउंटेबिलिटी पाहिजे, म्हणजे जाब विचारणारं कुणीतरी पाहिजे वगैरे, आणि मग कुणालाही पकडतात. माझा पहिला पार्टनर म्हणजे जुना मित्र, जीव लावणारा, आणि त्यामुळेच निरुपयोगी. रोज रात्री त्याचा मेसेज, "झाला का रे?" मी, "झाला." कधी नसेल झाला तर, "आज जरा कंबर धरलीये." तो, "आराम कर मग, शरीर महत्त्वाचं." संपलं! आम्ही दोघांनी मिळून एकमेकांना अडीच महिने माफ केलं.

नंतर मावसबहिणीला विचारलं. ती स्वतः फार व्यायाम करते असंही नाही, पण तिचा प्रश्नच वेगळा असायचा. "दादा, काल तिसऱ्या सेटला किती आले?" याला "झाला" हे उत्तर देताच येत नाही. एकतर आकडा सांगा नाहीतर केला नाही म्हणा. एकदा मी "दहाच्या आसपास" म्हणालो तर लगेच, "आसपास म्हणजे वहीत काय लिहिलंयस?" ओरडणं नाही, टोमणे नाही, फक्त नेमका प्रश्न. पार्टनर निवडताना हेच बघा, तो फिट आहे का हे नंतर, आधी तो नेमकं विचारेल का आणि तुम्ही नाही केलं म्हणालात तर शांतपणे ऐकेल का. चिडणाऱ्या माणसाला आपण खोटं सांगायला लागतो, हा अनुभव सगळ्यांना लहानपणापासून आहे.

चाळीस जणांच्या ग्रुपचा उपयोग शून्य असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला आठवडा घामाचे फोटो, दुसऱ्यात सुविचार, तिसऱ्यात सामसूम, आणि तुम्ही गायब झालात तर कुणाच्या लक्षात पण येत नाही. दोघं-तिघं बास. आणि सोशल मीडियावर "आजपासून नवा मी" अशी घोषणा करायची घाई नको, याच गोलविट्झर यांच्या २००९ च्या प्रयोगांत असं दिसलं होतं की आपल्याला काय बनायचंय हे दुसऱ्यांनी नोंदवून घेतलं की काही जणांची त्या दिशेने मेहनत उलट कमी होते, कारण बनल्याचं समाधान आधीच मिळून जातं. लाइक्स आले, झालो फिट.

दंडाचं पण तसंच. खाडा केला की डब्यात पैसे टाकायचे हे मी करून बघितलं, आणि काय झालं तर पैसे टाकले की छान मोकळं वाटायला लागलं, जणू सुट्टीची फी भरली. नंतर वाचलं की इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला होता, २००० साली तो अभ्यास छापून आला, आणि उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. मला हसूच आलं. दंड काहींना चालत असेलही, पण पैसे टाकल्यावर हायसं वाटत असेल तर तो डबा बंद करा.

दोन सेटच्या मधे फोन

हे छोटं वाटतं पण फोकसची वाट इथेच लागते. तिसरा सेट झाला, श्वास लागलाय, टायमर बघायला फोन घेतला, वर एक मेसेज, त्याला उत्तर, मग त्याने पाठवलेला व्हिडिओ, आणि अंग थंड पडलेलं. मी एकदा घड्याळ लावून बघितलं तर दीड मिनिटाची विश्रांती अकरा मिनिटांची झाली होती. जड वजन असेल तर दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं, हलक्याला मिनिट-दीड मिनिट पुरतं, पण ते भिंतीवरच्या नाहीतर मनगटावरच्या घड्याळात बघा. गाणी लागतात तर यादी आधी लावून फोन फ्लाइट मोडवर आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आज काय करायचंय ते कागदावर लिहून समोर ठेवलं की "आता पुढे काय होतं बरं" म्हणून फोन उघडायचं निमित्त पण उरत नाही.

वजनकाट्यालाच मालक करणं

रोज सकाळी काट्यावर उभं राहून दिवसाचा मूड ठरवणारे बरेच आहेत, मीही होतो. शरीरातल्या पाण्यामुळे वजन एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, खारट जास्त झालं तरी, झोप बिघडली तरी, आणि ग्लायकोजेन म्हणजे शरीराने स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, तिच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं ते वेगळंच. म्हणजे काल मरमर केलीत आणि आज काटा वर, असं सहज होऊ शकतं, त्यात चूक कुणाचीच नाही. वजन बघायचंच असेल तर आठवड्याची सरासरी बघा. आणि हिशोब अशा गोष्टीचा ठेवा जी तुमच्या हातात आहे: किती दिवस, किती मिनिटं, किती सेट.

टार्गेट ठरवताना पण असंच, १०,००० पावलं झाली नाहीत म्हणून ७,५०० चाललेला दिवस फुकट गेला असं समजणारी माणसं मी बघितलीत. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, त्या नावाचा अर्थच मुळी दहा हजार पावलं मोजणारं यंत्र असा होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही, एवढी आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आठवड्याचा हिशोब धरला की एका वाईट दिवसाचं दडपण आपोआप उतरतं.

दुखलं की गोंधळणं

नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकणं नॉर्मल आहे, ते कारण धरून आठवडाभर दांडी नको, हलकं चाला. पण सांध्यात टोचणारी कळ, एकाच बाजूला वाढत जाणारं दुखणं, किंवा छातीत दुखणं, चक्कर, असं काही असेल तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर. इथे पठ्ठ्यासारखं रेटायचं नाही.

मोठी गॅप पडल्यावर जिथे सोडलं तिथूनच सुरू करणं

आजारपण, प्रवास, घरात काही, गॅप पडणारच. दोन-तीन आठवड्यांत दम लवकर कमी होतो, ताकद त्यामानाने जास्त टिकते, आणि म्हणूनच गडबड होते, कारण वजन उचललं जातं पण दुसऱ्याच सेटला फेफे उडते आणि मग दोन दिवस जिने उतरवत नाहीत, आणि माणूस म्हणतो आपल्याच्याने नाही होत आता. परत आल्यावर पहिला आठवडा निम्मे सेट, वजन पण उतरवून, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई अजिबात नाही, ते दिवस गेले.

मागच्या वर्षी माझे सलग १९ दिवस गेले होते. मावसबहिणीने विचारलं, वहीत काय लिहिलंयस? काहीच लिहिलं नव्हतं. मग तिच्याशी फोनवर बोलता बोलताच पान उघडून सगळ्या दिवसांची मिळून एक ओळ टाकली, "आठ दिवस ताप, अकरा दिवस कंटाळा." त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची नोंद आहे: "दहा मिनिटं चाललो. डावा बूट चावतोय."