लोडेड मालगाडी जागेवरून कशी उचलायची आणि कशी थांबवायची

५८ वाघिणींचा (मालडब्यांचा) कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी जोडलेली गाडी, म्हणजे साधारण सव्वापाच हजार टन वजन आणि लांबी ६०० मीटरच्या वर, आणि इंजिनात बसलेल्या माणसाने पहिली गोष्ट डोक्यात घ्यायची ती ही की ही एक गाडी नाहीये, ५८ वेगवेगळी वजनं कपलिंगने एकमेकांना अडकवलीत आणि प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी थोडी ढिलाई आहे. एका जागी ती बोटभर वाटते पण ५८ जागची मिळून किती होते बघा. गाडी तुटते (पार्टिंग होतं) ती बहुतेक वेळा या ढिलाईकडे दुर्लक्ष केल्यामुळेच.

सुरू करण्याआधी हवा बघायची. मालगाडीचा ब्रेक लोकांना वाटतो त्याच्या उलटा चालतो, म्हणजे हवा भरली की ब्रेक लागतो असं नाही, हवा भरली की ब्रेक सुटतो. ब्रेक पाइपमध्ये (इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत जाणारी हवेची नळी) ५ किलो प्रेशर असलं की सगळ्या वाघिणी मोकळ्या, आणि ते कमी केलं की प्रत्येक वाघिणीखालचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह तिच्या स्वतःच्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो. म्हणून पाइप तुटला तरी गाडी आपोआप थांबते, फार हुशारीची रचना आहे ही. पण मधेच कुठे अँगल कॉक (वाघिणीच्या टोकाला असलेली या पाइपची चावी) बंद राहिला तर त्याच्या मागच्या वाघिणींना तुमचा ब्रेक कळतच नाही, म्हणून गार्डने (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात) मागून प्रेशर पाडून दाखवायचं आणि ते इंजिनातल्या गेजवर पडलेलं आपण स्वतः बघायचं. हे कधीच टाळू नका, उशीर झाला असला तरी.

आता उचलायची कशी. ए-नाइन हँडल (अख्ख्या गाडीचा ब्रेक लावायचं-सोडायचं) रिलीजला आणलं की लगेच थ्रॉटल ओढायचा नाही, सिलिंडर रिकामे व्हायला ४५ ते ६० सेकंद लागतात आणि मागचे ब्रेक धरलेले असताना पुढून ओढलं तर कपलर जातो. तोपर्यंत इंजिनाचा स्वतःचा ब्रेक (एसए-नाइन) लावून ठेवा. मग थोडासाच जोर द्या, इंजिनाचा ब्रेक हळूहळू सोडा, आणि थांबा. पुढची वाघीण ताणली जाईल, मग तिच्या मागची, तो खडखड आवाज मागे मागे जात राहतो, तो पार शेवटपर्यंत पोचेपर्यंत जोर वाढवायचा नाही. शेवटचा डबा हलला की मग बिनधास्त वाढवा.

चढणीवर गणित कडक होतं. १ इन २०० च्या चढावर (२०० मीटरला १ मीटर चढ) प्रत्येक टन ५ किलोच्या जोराने मागे ओढतो, म्हणजे अख्खा रेक २६ टनाने, आणि वॅग-९ इंजिनाची सुरुवातीची ओढ जास्तीत जास्त ४६-४७ टन, त्यात चाकांचं घर्षण वेगळंच. कर्जत-लोणावळा किंवा कसारा-इगतपुरी घाटात चढ १ इन ३७, तिथे हाच रेक १४० टनाने मागे खेचेल, म्हणून तिथे मागून बँकर (ढकलायला जादा इंजिनं) लावतात. चाकं घसरली तर जोर कमी करा, रुळांवर वाळू सोडा, परत हळू घ्या. गाडी हलतच नसेल तर करंट देऊन नुसतं उभं राहायचं नाही, मोटारी जळतात, सरळ मदतीचं इंजिन मागा.

चालू लागल्यावर वेग कमी असतानाच एकदा ब्रेक लावून गाडी किती धरते ते बघून घ्या.

थांबवायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं, डबल डिस्टंट (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारे दोन सिग्नल) असलेल्या मार्गावर पहिला डिस्टंट स्टेशनच्या होम सिग्नलच्या २ किमी आधी असतो तो याच्याचसाठी. आधी थ्रॉटल हळूहळू शून्यावर, मग इंजिनाचा विजेचा ब्रेक थोडा थोडा, म्हणजे मागच्या वाघिणी धक्का न देता पुढे येऊन टेकतील. मग ए-नाइनने अर्धा किलो प्रेशर पाडा आणि वाट बघा. सिलिंडर पूर्ण भरायला १८ ते ३० सेकंद जातात, नवीन पोरं इथेच घाबरतात, काही होत नाही असं वाटून अजून पाडतात आणि गाडी सिग्नलच्या खूप आधीच उभी राहते. लावा-सोडा, लावा-सोडा हे तर उतारावर अजिबात नको, टाक्या परत भरायला वेळ मिळत नाही आणि ऐनवेळी ब्रेकच उरत नाही. इमर्जन्सी ब्रेक खरंच जीव वाचवायचा असेल तेव्हा जरूर मारा, पण पुढच्या वाघिणी आधी धरतात आणि मागचं सगळं वजन त्यांच्यावर येऊन आदळतं हे माहीत असू द्या.

उभी करून उतरायचं असेल तर फक्त हवेवर विसंबू नका. हवा गळते, काही तासांनी ब्रेक सुटतात. २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून खडी भरलेली मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली आणि ७० किमीच्या आसपास पळत पंजाबात गेली, सुदैवाने कुणाला काही झालं नाही. त्यामुळे वाघिणींचे हँडब्रेक लावा, चाकाखाली लाकडी गुटके घाला, साखळी बांधा, आणि हँडब्रेकचं चाक फिरवलं म्हणजे झालं असं न धरता ब्रेक ब्लॉक खरंच चाकाला टेकलाय का ते प्रत्येक वाघिणीपाशी वाकून बघा.