फॅशनमध्ये यायचंय? आधी कपडा उलटा करून बघा

फॅशनमध्ये करिअर करायचं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच पद असतं, डिझायनरचं. मी काम करते सॅम्पल विभागात, म्हणजे कागदावरचं चित्र पहिल्यांदा शिवून अंगावर चढतं तिथे. पॅटर्नमेकर (कापड बेतण्यासाठी कागदी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवणारे), सॅम्पल शिवणारे कारागीर, कापड निवडणारे, मर्चंडायझर (ऑर्डर आणि मुदती सांभाळणारे), क्वालिटी तपासणारे अशी कितीतरी माणसं इथे एका कपड्याभोवती राबतात. नवख्यांसाठी दारं याच बाजूला जास्त उघडी आहेत, आणि इथे शिकलेलं पुढे कुठेही गेलात तरी उपयोगी पडतं.

फिटिंगचंच बघा. पहिलं सॅम्पल घालून मॉडेल सरळ उभी असते तोवर सगळं सुरेख दिसतं. तिला हात वर करायला सांगितलं की अख्खा ड्रेस वर उचलला जातो. नवीन मुलं हमखास सुचवतात, "मुंढा सैल करूया." खरं तर मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, आधीच फार खाली उतरलेला असतो, म्हणून तर बाही ड्रेसला ओढते. मुंढा वर घ्यायचा, बाहीच्या माथ्याची (वरच्या गोल भागाची) उंची कमी करून दंडात रुंदी द्यायची, मग हात मोकळा होतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटतं ते फिटिंगलाच.

कापडाचंही तसंच. उभ्या धाग्यावर बेतलेला स्कर्ट आणि त्याच कापडाचा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, बेतलेला स्कर्ट शेजारी शेजारी टांगा. उरेब कापड ताणतं, अंगाबरोबर वळतं आणि टांगून ठेवलं की लोंबून लांबही होतं. म्हणून ते काही काळ टांगून ठेवूनच घेर सारखा करतात. १९२०च्या दशकात फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांनी पॅरिसमध्ये उरेब कटाचं जे काम केलं, त्यासाठी त्या लहान लाकडी पुतळ्यावर कापड गुंडाळून प्रयोग करायच्या.

पोर्टफोलिओत चाळीस स्केचेस नकोत. पाच-सहा कामं पुरेत, पण त्यातलं निदान एक तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवा: स्केच, पॅटर्न, कोऱ्या कापडातलं पहिलं सॅम्पल, त्यावरच्या पिना आणि खुणा, मग तयार कपडा. पाठीमागची बाजूही रेखाटलेली असू द्या. चेन कुठे, डार्ट (कपड्याला आकार देण्यासाठी शिवलेली घडी) कुठे, अस्तर कुठवर, हे मागूनच कळतं. सोबत टेक पॅक, म्हणजे कारखान्यासाठी लिहिलेल्या शिलाईच्या सूचना, जोडलात तर फारच उत्तम. मापं आणि त्यात चालणारा फरक, शिलाईचा प्रकार, दोरा, बटणं, सगळं त्यात असतं. दूरच्या कारखान्यात तुम्हाला न विचारता कपडा बरोबर शिवला गेला पाहिजे, इतकं ते स्पष्ट हवं.

इंटर्नशिपचे पहिले महिने कापडाचे तुकडे कापून चिकटवण्यात, इस्त्री करण्यात, बटणं मोजण्यात जातात. वाईट वाटून घेऊ नका, कापडाची ओळख हातांना अशीच होते. प्रसिद्ध ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनीही सुरुवात लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर शिंप्याच्या हाताखाली केली होती. मात्र कोण शिकवणार, पैसे किती, कामाची वेळ काय, हे आधीच विचारा. नुसतं राबवून घेणारी जागा नाव मोठं असलं तरी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, जे मला मनापासून सांगावंसं वाटतं. आपण शेवटच्या घडीला बदललेली कॉलर शिवणाऱ्याच्या वेळातून वजा होते. २०१३ साली बांगलादेशात राणा प्लाझा इमारत कोसळली, तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांतली ११००हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना कामावर बोलावलं होतं. मुदत ठरवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं.

सुरुवात करायला कोर्सची वाट बघू नका. एक जुना शर्ट घ्या आणि नीट उसवा. प्रत्येक तुकड्याला इस्त्री करा, कागदावर ठेवून आखा, उभ्या धाग्याची खूण करा. मग बाहीच्या माथ्याची गोलाई आणि मुंढा टेपने मोजा. बाहीचं माप बहुधा थोडं जास्त भरेल. तेवढं कापड शिवताना मुरवावं, म्हणजे चुणी न दिसता सामावून घ्यावं लागतं. कोटासारख्या जॅकेटमध्ये हा फरक आणखी मोठा असतो, पण आधी शर्ट पुन्हा शिवून बघा.