आधी माणूस, मग आराखडा

मी लोकांना पर्माकल्चर पद्धतीच्या, म्हणजे निसर्गाच्या चालीने चालणाऱ्या बागेचा आराखडा करून देते. पहिल्या भेटीत मी कागद-पेन्सिल बाहेर काढतच नाही. मालकासोबत जमीन पायी फिरते आणि विचारते, सकाळी दार उघडून पहिल्यांदा कुठे जाता? तोच झोन १, म्हणजे घराजवळचा, रोज पाय पडणारा भाग. रोज खुडायची पालेभाजी तिथे. फळझाडं लांब गेली तरी चालतात.

मग फूटभर खोल खड्डा मालकाच्याच हातून खणून घ्या. पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि वेळ मोजा. तासन्‌तास पाणी तसंच दिसलं, की निचऱ्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

देखभालीच्या फेऱ्या आणि त्यांचे पैसे करारात आधीच लिहा. (जीव लावला म्हणून फुकट राबायचं नसतं.) शेवटी स्पष्ट विचारा, पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार? ‘बघू’ म्हणाले, तर रोपांची यादी सरळ निम्मी करा.