इंका ट्रेलच्या आधी कुस्कोत नको, खाली मुक्काम करा

पेरूमधल्या माचू पिचू या इंकांच्या प्राचीन शहराकडे जाणारा चार दिवसांचा इंका ट्रेल करणार असाल, तर विमानातून उतरल्या उतरल्या कुस्कोत हुंदडू नका. कुस्को आहे सुमारे 3,400 मीटरवर; हॉटेलचा जिना चढतानाही धाप लागते. त्यापेक्षा सरळ गाडी करून खाली ओलांतायताम्बोला जा, सुमारे 2,800 मीटरवर. दोन-तीन रात्री तिथे काढल्या की अंग विरळ हवेला सरावतं आणि गावावरचे इंकांचे दगडी चौथरे चढून पायही मोकळे होतात.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी, वार्मिवान्युस्का खिंडीत. उंची सुमारे 4,200 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे सह्याद्रीतला सराव पायांना कामाचा, फुप्फुसांना नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या किंवा तोल जायला लागला, तर गाइडला लगेच सांगा. अशा वेळी खाली उतरण्याला पर्याय नाही.

खिंडीपलीकडच्या पायऱ्या उतरताना गुडघे बोलतात, तेव्हा काठ्या घ्याच. फक्त टोकांना रबरी टोप्या हव्यात, उघडी धातूची टोकं चालत नाहीत. आणि हो, फेब्रुवारीत ही वाट बंद असते.