कादंबरीत वाचक रमत नाही? आधी बघा नजर कोणाची आहे

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचं अडीच पानं वर्णन होतं, तुळशीवृंदावन, लाकडी जिना, कोनाडे, सगळं आणि मला ते जाम आवडलेलं. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "हेरिटेज वॉक छान झाला, माणसं कधी येणारेत?" राग आला, पण बरोबर होतं तिचं. वर्णन वाईट नव्हतं, ते कोणाचंच नव्हतं.

मग मी जे केलं ते तुम्हीही करून बघा. एकच वाडा घ्या आणि वेगवेगळी माणसं आत सोडा. बिल्डरचा माणूस आला की जिन्याखालचे विजेचे मीटर मोजणार, म्हणजे भाडेकरू किती ते कळलं. चाळीस वर्षं तिथेच राहणाऱ्या काकू तिसरी पायरी न बघताच ओलांडतात, कारण ती कुरकुरते आणि वरच्या आजोबांची झोप मोडते. बस. जिना आला, काकू कळल्या, आजोबा तर अजून दिसलेही नाहीत तरी आहेत. वाचकाला हे आपण सांगितलं नाही, त्याने स्वतः जोडलं, आणि जो जोडत बसतो तो पुस्तक खाली ठेवत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक सीनमध्ये पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे, फालतू असलं तरी चालेल. वाडा बिल्डरला द्यायचा की नाही हा कादंबरीभरचा प्रश्न झाला, पण आत्ता काकूंना त्या माणसाला चहा न देता कटवायचंय आणि त्याला चहा घेतल्याशिवाय उठायचं नाहीये.

"दूध संपलंय हो."
"कोरा चालेल की."

भांडण सुरू झालं, सहीचा विषय कोणी काढलाही नाही. खरी माणसं मुद्द्याचं सोडून सगळं बोलतात (आमच्या घरी तर नक्कीच).

आता रिसर्च. इथे आपण सगळे माती खातो, कारण एवढं वाचलेलं असतं की दाखवायचा मोह होतो. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, मग खालचं खडकवासला, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये घुसलं, हे तुम्हाला माहितीये. पण नारायण पेठेतल्या तुमच्या नायिकेला त्या दिवशी एवढंच कळतंय की पाणी ओट्याला लागलं आणि सासूबाई देव बरोबर घेतल्याशिवाय हलायला तयार नाहीत. धरणाचं तिला नंतर कोणीतरी सांगेल, तेव्हाच वाचकालाही सांगा.

उलट बारीक चूक फार महाग पडते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली 2007 मध्ये, त्यामुळे 1995 मधला तुमचा हिरो पीएमपीएमएलने स्वारगेटला गेला की पुण्याचा वाचक तिथेच पुस्तकाबाहेर, आणि तो तुम्हाला कळवल्याशिवाय राहणार नाही. गंमत म्हणजे आजही एखादी आजी पीएमटीच म्हणते, आणि ते मात्र एकदम बरोबर वाटतं, कारण तो तिचा शब्द आहे.

बोलीचंही तसंच. पात्र सोलापूरचं आहे म्हणून प्रत्येक वाक्य वाकडं करू नका, दोन-तीन लकबी पुरतात, बाकी वाचक मनात ऐकतो.

ड्राफ्ट झाला की फाइलमध्ये 'तिला जाणवलं', 'त्याला दिसलं', 'तिच्या लक्षात आलं' सर्च करा. माझ्या एका चॅप्टरमध्ये असले एकोणीस निघाले! 'तिला दिसलं की दार उघडं आहे' याच्याऐवजी 'दार उघडं होतं'. नजर तिचीच आहे ना, मग मध्ये लेखक कशाला हवा. सगळे नका काढू, जिथे लक्षात येणं हीच घटना आहे तिथे राहू दे.

शेवटी एक चॅप्टर कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा. मत विचारू नका, पुण्यात ते न विचारता मिळतं. फक्त समोरच्याचा हात फोनकडे कुठल्या वाक्याला गेला तिथे पेन्सिलने खूण करा आणि तिथून मागे जात बघा की पात्राला काय हवं होतं ते आपण नक्की कुठे विसरलो.