वजन घटवताना वजनांचा व्यायाम मध्येच का सुटतो : या चुका टाळा

वजन कमी करण्यासाठी आहार आवरता घेतला आणि त्याच्या जोडीने जिमही सुरू केले, की पहिला महिना सहसा बरा जातो. अंग दुखते, पण त्या दुखण्याचेही कौतुक वाटते. खाडे पडू लागतात ते साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून. तोवर कमी खाण्याचा थकवा अंगात मुरलेला असतो, वजनकाटा पूर्वीइतक्या झपाट्याने खाली येत नसतो आणि सुरुवातीला दर आठवड्याला वाढणारी वजने एका जागी अडकलेली असतात. अशा वेळी माणूस स्वतःच्या आळसाला बोल लावतो. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा चुकते. व्यायाम सुटतो तो आखणीतल्या काही ठरावीक चुकांमुळे, आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक तर पहिला डंबेल हातात घेण्याआधीच, या व्यायामाकडून नेमके काय मिळवायचे हे ठरवताना, झालेली असते.

वजनांचा व्यायाम चरबी जाळण्यासाठी आहे, असे समजणे

‘स्नायू वाढले की झोपेतसुद्धा चरबी जळते’ हे वाक्य प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेले असते. ते खोटे नाही, पण त्यातला आकडा कोणी सांगत नाही. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी सुमारे ४.५. म्हणजे दोन किलो स्नायू नव्याने कमावले, जे अपुऱ्या आहारात मुळीच सोपे नाही, तरी रोजच्या खर्चात जेमतेम २६ किलोकॅलरींची भर पडते. चरबी कमी होते ती मुख्यतः आहारातल्या तुटीमुळे. वजने उचलण्याचे काम वेगळे आहे. शरीराला गरजेपेक्षा कमी ऊर्जा मिळू लागली की ते चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. केवळ आहार कमी करून घटवलेल्या वजनात चरबीखेरीज इतर ऊतींचा वाटा बऱ्याचदा एक-चतुर्थांशाच्या आसपास भरतो. ज्या स्नायूंकडून नियमितपणे जड काम करून घेतले जाते, ते शरीर सहजासहजी मोडीत काढत नाही. तेव्हा या काळात वजनांचा व्यायाम करायचा तो आहे ते स्नायू राखण्यासाठी.

हा फरक शाब्दिक वाटेल, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ज्याला चरबी जाळायची आहे तो घामावरून दिवसाची किंमत ठरवतो, दोन सेटमधली, म्हणजे सलग आवर्तनांच्या दोन फेऱ्यांमधली, विश्रांती कमी करतो, हलकी वजने घेऊन धापा टाकत पंचवीस-पंचवीस वेळा उचलतो आणि काट्यावर त्याचे फळ दिसले नाही की निराश होतो. ज्याला स्नायू राखायचे आहेत तो जड सेटनंतर दोन-तीन मिनिटे शांतपणे बसतो, कारण पुढच्या सेटमध्ये तेच वजन पुन्हा नीट उचलणे त्याला महत्त्वाचे वाटते. हा दुसरा माणूस कमी दमतो आणि म्हणूनच जास्त दिवस टिकतो.

सगळा निकाल वजनकाट्यावर सोपवणे

सवय नसलेला व्यायाम सुरू केला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, सूज येते आणि शरीर पाणी धरून ठेवते. शिवाय स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. आदल्या दिवशीचे मीठ, पोट साफ होणे न होणे, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचा टप्पा, या सगळ्यांची त्यात भर पडते आणि काटा एक-दोन किलोंनी सहज वरखाली होतो. आठवड्याला अर्धा किलो चरबी कमी होत असली, तरी पहिले दोन-तीन आठवडे ती या पाण्याआड झाकली जाऊ शकते. नेमक्या याच दिवसांत ‘जिममुळे माझे वजन वाढते’ असा निष्कर्ष काढून अनेक जण वजने बाजूला ठेवतात.

वजन करायचेच असेल तर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करावे आणि एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना न करता आठवड्याची सरासरी आधीच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबरेचे माप घ्यावे. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी जमेपर्यंत आहारात किंवा व्यायामात काहीही बदलू नये.

दमल्यावर आधी वजन उतरवणे

या चुकीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे आणि ती करताना आपण शहाणपणाने वागत आहोत असेच मला वाटत होते. माझ्या वहीत त्या काळातल्या स्क्वाटच्या, म्हणजे वजनाचा बार खांद्यावर घेऊन बसण्या-उठण्याच्या, नोंदी आहेत. पहिल्या आठवड्यात ६० किलो, तीन सेटमधल्या रेप्स (आवर्तने) : ८, ८, ८. पाचव्या आठवड्यात तेच ६० किलो : ८, ७, ६, आणि समोर ‘पाय जड’ एवढेच दोन शब्द. सहाव्या आठवड्यापासून बार ४५ किलोंवर आला आणि प्रत्येक सेटमध्ये १५ रेप्स सुरू झाल्या. घाम भरपूर आला, समाधानही वाटले. चार आठवड्यांनी पुन्हा ६० किलो खांद्यावर घेतले, तेव्हा पाच रेप्समध्येच गुडघे डगमगू लागले, आणि त्या आठवड्यात पुढचे दोन्ही दिवस मी काही ना काही कारण काढून जिम चुकवले.

अपुऱ्या आहारात शरीराची झीज भरून काढण्याची क्षमता घटते. म्हणून कुठेतरी कपात करावीच लागते. मात्र ती सेटच्या संख्येत करावी, बारवरच्या वजनात करू नये. वरच्या नोंदीत योग्य दुरुस्ती अगदी साधी होती : ६० किलो तसेच ठेवून तीनऐवजी दोन सेट करणे आणि दर सेटमध्ये आणखी एक-दोन रेप्स निघतील इतका दम असताना थांबणे. कमावलेले राखायला कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्यांचे काम नंतर एक-तृतीयांशावर किंवा थेट एक-नवमांशावर आणले गेले, तरी बत्तीस आठवड्यांनंतरही त्यांची ताकद बव्हंशी टिकून होती. साठीपुढच्या मंडळींच्या स्नायूंचा आकार टिकवायला मात्र एवढे काम पुरले नाही. हे लोक आहार कमी करून वजन घटवत नव्हते, त्यामुळे एक-नवमांशाचा आकडा आपल्यासाठी जसाच्या तसा घेऊ नये. पण सेट एक-तृतीयांशाने कमी केले की सगळे वाया जाईल ही भीती अनाठायी आहे, एवढे त्यातून निश्चित कळते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शरीराचे वजन ८० वरून ७४ किलोंवर आले आणि स्क्वाटचा आकडा तेवढाच राहिला, तर तो अडकलेला नाही. शरीराच्या मानाने ताकद वाढली आहे. पुल-अप्समध्ये, म्हणजे दांड्याला लटकून स्वतःला वर ओढण्यात, हा फरक थेट दिसतो, कारण तिथे उचलायचे ओझे आपणच असतो. या दिवसांत मन राखण्यासाठी वेळापत्रकात पुल-अप्स किंवा पुश-अप्स ठेवावेत, असे मी आवर्जून सुचवतो.

आहारात इतकी कपात करणे की अंगात त्राणच उरू नये

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ८० किलोंच्या माणसाने ४०० ते ८०० ग्रॅम, या वेगाने वजन उतरत असेल तर व्यायाम सहसा तग धरतो. त्याहून जास्त घाई केली तर सुस्ती येते, आणि ती इच्छाशक्तीने हटत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. हे तरुण स्वेच्छेने आलेले आणि निरोगी होते. तरी त्यांचे वजन जवळपास एक-चतुर्थांशाने घटले, ताकद गेली आणि हालचाल आपोआप मंदावली. इतकी टोकाची उपासमार कोणी सामान्य माणूस करत नाही, पण घसरणीची दिशा तीच असते.

तूट माफक ठेवूनही प्रथिने कमी पडली तर स्नायूंची झीज होतेच. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिने हा या काळासाठी सर्वसाधारणपणे स्वीकारलेला पल्ला आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

झोपेचा विषय लोक हसण्यावारी नेतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना तेवढ्याच तुटीच्या आहारावर एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची मुभा देण्यात आली. दोन्ही वेळा घटलेले वजन जवळपास सारखेच होते, पण कमी झोपेच्या पंधरवड्यात त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून अधिक घसरला. तेव्हा पहाटेच्या जिमसाठी रोज दोन तास झोप कापणाऱ्याने आपण काय देऊन काय घेतो आहोत, याचा हिशोब जरूर मांडावा.

आरंभशूरांचे वेळापत्रक

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, असे आठवड्याचे सहा दिवस वाटून घेणाऱ्याचा एक बुधवार चुकला, की पायांना थेट पुढच्या बुधवारपर्यंत काम मिळत नाही. दोन बुधवार चुकले तर वेळापत्रकाविषयीच अढी बसते. त्याऐवजी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम करण्यास सांगितले आहे. दोन सत्रे तयार करून त्यांना वारांऐवजी क्रम द्यावा : मागच्या वेळी पहिले झाले असेल तर आज दुसरे, मग आज कोणताही वार असो. अशा मांडणीत चुकलेला दिवस असा काही उरतच नाही.

खाड्याची भरपाई म्हणून एका दिवशी दोन दिवसांचा व्यायाम करणे हा त्याहून वाईट प्रकार आहे, कारण त्यानंतर अंग असे धरते की पुढचे दोन खाडे ठरलेलेच. अंगदुखी साधारण २४ ते ७२ तासांत कळस गाठते आणि ती व्यायाम चांगला झाल्याची पावती नव्हे. ज्या दिवशी वेळ नाही त्या दिवसासाठी वीस मिनिटांचे एक राखीव सत्र ठरवून ठेवावे : एक बसण्या-उठण्याचा, एक ढकलण्याचा आणि एक ओढण्याचा व्यायाम, प्रत्येकी दोन सेट. दर पंधरा दिवसांनी नवा कार्यक्रम शोधणाऱ्यांचे एक ना धड, भाराभर चिंध्या असे होते. त्यांच्या वहीतल्या दोन पानांची तुलनाच होऊ शकत नाही.

कार्डिओबद्दल थोडक्यात : चालणे हवे तेवढे करावे, पण धावणे आणि वजने एकाच दिवशी असतील तर वजने आधी उचलावीत.

ताकद घसरू लागली तर काय तपासावे

एक दिवस वाईट गेला तर काहीच करू नये. दोन आठवडे लागोपाठ, आणि एकाहून अधिक व्यायामांत, रेप्स घटत असतील तर आधी झोप पाहावी, मग वजन उतरण्याचा वेग, मग प्रथिने आणि त्यानंतर सेटची संख्या. हे सगळे ठीक असूनही घसरण थांबत नसेल तर एक-दोन आठवडे आहार वजन स्थिर राहील इतका वाढवावा, पण व्यायाम चालू ठेवावा. घसरण एकाच व्यायामात असेल तर दोष बहुधा उचलण्याच्या पद्धतीत किंवा एखाद्या सांध्यात असतो. सांध्यात बोचणारे दुखणे, व्यायाम करताना छातीत दडपण किंवा अतिश्रमानंतर लघवीला येणारा गडद तपकिरी रंग यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम तिथेच थांबवावा. शेवटच्या दोन लक्षणांत तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी सुरुवातीलाच सल्ला घेतलेला बरा.

हवे ते वजन गाठल्यावर आहार पूर्ववत करताना पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलोने वर उडी घेतो. तो रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा आणि त्याबरोबरचे पाणी परत येत असते. त्याला घाबरून पुन्हा जेवण तोडू नये. त्या आठवड्यात कापलेला तिसरा सेट परत जोडावा आणि बारवर नवी वजने चढवायला आणखी दोन आठवडे थांबावे.